वारुळावरची अळंबी आणि तिचे तोतये : एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१० जून

मृग लागून दोनच दिवस झाले आहेत आणि अजून जमीन नीट भिजलेलीही नाही, पण अळंबी उगवू लागल्यावर कागदकाम करायला उसंत मिळत नाही, म्हणून प्रकल्पाची चौकट आजच लिहून ठेवते. कुडाळ आणि सावंतवाडी या दोन तालुक्यांतील काही वाड्यांमध्ये पावसाळ्यात कोणती रानअळंबी खाल्ली जाते, ती ओळखताना जाणत्या बायका नेमके काय पाहतात आणि तिच्यासारखी दिसणारी विषारी भूछत्रे कोणत्या खुणेने वेगळी काढता येतात, याची नोंद करून सप्टेंबरअखेर मराठीत एक ओळखपत्रिका तयार करायची आहे. माझ्याबरोबर वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थिनी आहेत.

सुरुवातीलाच एक बंधन आम्ही स्वतःवर घालून घेतले आहे. पत्रिकेत कोठेही 'ही खावी' असे वाक्य येणार नाही. कोणत्या खुणा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढेच पत्रिका सांगेल. कागद वाचून अळंबी शिजवणाऱ्या माणसाला कागदाची चूक भोगावी लागते, आणि कागद लिहिणारा त्या वेळी तिथे नसतो.

१९ जून

शब्दांची निश्चिती करण्यात आजचा दिवस गेला. छत्रीच्या वरच्या भागाला टोपी, तिच्या खालच्या पातळ पात्यांना पडदे, मधल्या दांड्याला देठ, देठावर काही जातींत राहणाऱ्या पातळ कड्याला वलय, आणि देठाच्या बुडाशी कधी कधी सापडणाऱ्या फाटक्या आवरणाला पिशवी असे म्हणायचे ठरले. वारुळाला आमच्या बोलीत रवण म्हणतात आणि अखाद्य भूछत्रांना सरसकट कुत्र्याची छत्री. हा दुसरा शब्द पत्रिकेत वापरू नये असे मला वाटते, कारण त्यात पोट बिघडवणारे, जीव घेणारे आणि नुसतेच बेचव असे सगळे एकाच टोपलीत जाते.

बीजाणूंचा ठसा घेण्याची सवय व्हावी म्हणून बाजारातून आणलेल्या धिंगरी अळंबीवर प्रयोग केला. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घ्यायचा, देठ कापून टोपी पडदे खाली करून त्यावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हलवायचे नाही. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही आणि काळसर ठसा काळ्यावर हरवतो, म्हणून दोन रंगांचा कागद. सकाळी काळ्या बाजूवर पांढुरक्या रेघांची चक्राकार नक्षी उमटलेली पाहून विद्यार्थिनी हरखल्या. डोळ्यांना न दिसणारी वस्तू लक्षावधींनी एकत्र पडली की तिचा रंग सांगता येतो, आणि तोच रंग पुढे अनेकदा निकाल देतो.

२८ जून

आर्द्रा नक्षत्र जोरात आहे. महाविद्यालयाच्या मैदानाच्या कडेला, हिरवळीत, आज सकाळी पांढऱ्या छत्र्यांचे अर्धे रिंगण उभे होते. एकूण अकरा. सर्वांत मोठीची टोपी एकोणीस सेंटिमीटर रुंद भरली. टोपीच्या मध्यावर तपकिरी, सालपटासारखे खवले आणि कडेकडे जाताना ते विरळ होत गेलेले. देठावर जाड वलय होते आणि ते बोटाने वरखाली सरकत होते. पिशवी नव्हती. बुडाशी किंचित फुगीरपणा होता, पण मूळ म्हणावे असे काही नव्हते. चारही बोटे मातीत घालून उचलले की संपूर्ण भूछत्र अलगद हातात येत होते.

शिपाईकाका म्हणाले की दरवर्षी ती येथेच येतात आणि मागे एकदा कोणीतरी पिशवी भरून नेली होती. दिसायला ती खरोखर देखणी आहेत, वासही मंद आणि चांगला. कोवळ्या टोपीचे पडदे शुभ्र पांढरे. उमललेल्या टोपीत मात्र पडद्यांच्या कडांवर मळकट हिरवट झाक होती, जी मला उजेडाकडे तिरकी धरल्याशिवाय दिसली नाही. संध्याकाळी ठसा घ्यायला ठेवला आहे.

२९ जून

ठसा हिरवा आला. शेवाळी, राखाडी मिश्रणाचा हिरवा, दोन्ही कागदांवर सारखाच स्पष्ट. क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस. उष्ण प्रदेशांत भूछत्रांच्या विषबाधेला सर्वाधिक वेळा कारण ठरणाऱ्या जातींपैकी ही एक, आणि ती रानात नव्हे तर माणसाने राखलेल्या गवतात, बागेत, मैदानावर येते. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू जाड भिंतीचे आणि एका टोकाला रंध्र असलेले दिसले.

हिने माणूस सहसा मरत नाही, पण खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जबरदस्त उलट्या, पोटात पिळवटणे आणि जुलाब सुरू होतात, आणि लहान मुलांच्या किंवा म्हाताऱ्यांच्या बाबतीत अंगातील पाणी निघून जाणे हेच मोठे संकट ठरते. माझ्या दृष्टीने तिची खरी अडचण वेगळी आहे. हिरवा रंग तिची सर्वांत निःसंदिग्ध खूण आहे आणि ती खूण कोवळेपणी उमटलेलीच नसते. म्हणजे लोक जी अवस्था खाण्यासाठी पसंत करतात, त्याच अवस्थेत ही ओळख देत नाही.

९ जुलै

आज मुख्य दिवस. वाडीतल्या एका काकींनी पहाटे सहाला बोलावले होते. चाळीस वर्षे त्या अळंबी काढतात आणि महामार्गाच्या कडेला बसून विकतात. काजूच्या बागेपलीकडे, जांभ्या मातीच्या उतारावर त्यांचे ठरलेले वारूळ आहे. तेथे पोहोचल्यावर त्यांनी आधी चप्पल काढली. सातेरी देवीची पूजा आमच्या भागात आणि गोव्यात वारुळाच्याच रूपात होते, त्यामुळे अळंबी काढायला जाणे म्हणजे देवीच्या अंगणात जाणे, असे त्यांनी साधेपणाने सांगितले.

वारुळाच्या पायथ्याशी तीस-चाळीस अळंब्या होत्या, काही छत्रीसारख्या उघडलेल्या, बऱ्याचशा भाल्याच्या टोकासारख्या मिटलेल्या. मी उत्साहाने एक उघडी अळंबी देठाशी मोडून त्यांच्यापुढे धरली आणि विचारले की हिला काय म्हणता. काकींनी ती हातातही घेतली नाही. "मूळ खंय आसा? मूळ नाय तर माका इचारू नकात," एवढेच म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतः एक काढून दाखवली. लोखंड वापरले नाही. टोकदार काठीने देठाभोवतीची माती भुसभुशीत केली, मग दोन बोटे देठाला लावून खाली सरकवत नेली, थांबल्या, पुन्हा माती बाजूला केली. देठ जमिनीपाशी संपत नव्हता. तो खाली जाऊन आधी जरा जाड झाला, मग निमुळता होत, वरून काळपट आणि आतून पांढरा असा जमिनीत उतरत राहिला. अर्ध्या तासाने तो जिथून निघाला होता तिथवर आम्ही पोहोचलो तेव्हा मोजपट्टीवर जमिनीखालचे मूळ चौतीस सेंटिमीटर भरले. जमिनीवरचा देठ अवघा अकरा सेंटिमीटरचा होता. तळाशी अक्रोडाच्या आतल्या गरासारखी सुरकुतलेली, भुरकी, हलकी अशी वस्तू होती आणि तिच्यावर खसखशीपेक्षा थोडे मोठे पांढरे दाणे. वाळवी इकडून तिकडे धावत होती. काकींनी लगेच माती परत लोटली आणि तळव्याने थापून बसवली. हे वारूळ आम्ही पुन्हा उकरणार नाही. एक नमुना मुळासकट मोजून झाला, तो पुरेसा आहे.

ही भुरकी वस्तू म्हणजे वाळवीने केलेली शेती. ओडोंटोटर्मिससारख्या वंशांतील वाळवी लाकूड आणि पालापाचोळा पूर्णपणे पचवू शकत नाही. ती तो चावून, आपल्या विष्ठेच्या रूपाने त्या सच्छिद्र पोळ्यात रचते, त्यावर टर्मिटोमायसेस नावाची बुरशी वाढते, आणि त्या बुरशीने मऊ केलेले अन्न व ते पांढरे दाणे वाळवी खाते. दोघींचे हे नाते सुमारे तीन कोटी वर्षांचे आहे. वाळवीच्या घरातल्या या बुरशीचे वर्णन योहान कोनिग यांनी १७७९ मध्ये दक्षिण भारतातील निरीक्षणांवरून केले होते, आणि रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये टर्मिटोमायसेस हा वंश वेगळा काढला. पावसाच्या ठरावीक टप्प्यावर त्या पोळ्यातून बुरशी वर निघते आणि कठीण माती भेदता यावी म्हणून तिच्या टोपीच्या मध्यभागी एक टणक, टोकदार, गडद रंगाची टोच असते. टोपी उमलून सपाट झाली तरी ती टोच मध्यावर उरते. अंगठ्याने दाबून पाहिली तर बाकीची टोपी दबते, टोच दबत नाही.

म्हणजे काकी ज्याला मूळ म्हणतात ते अळंबीचा पत्ता आहे. ती वाळवीच्या घरातून आली आहे, याचा तो हाताला लागणारा पुरावा. आणि मी तो पहिल्याच झटक्यात मोडून टाकला होता.

१० जुलै

कालच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी, मलईत किंचित गुलाबी मिसळावा तसा. पडदे देठाला चिकटलेले नाहीत. बीजाणू गुळगुळीत व लंबगोल.

१७ जुलै

पुनर्वसू. दुसऱ्या वाडीत आज बारीक अळंबी सापडली. शेताच्या बांधावर, कोठेही उंच वारूळ दिसत नसताना, दोन हात जागेत शेकड्यांनी उगवलेल्या, एकेक टोपी हाताच्या बोटाच्या नखाएवढी. ही टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस. वाळवी जुने पोळे उकरून जमिनीलगत आणून टाकते आणि त्या तुकड्यांवर ही उगवते, म्हणून हिला लांब मूळ नसते. ९ जुलैची नोंद लिहिताना मूळ ही एकच खूण पुरेल असे माझ्या मनाने घेतले होते. आठ दिवसांत ते खोटे ठरले.

त्याच बांधावर, हातभर अंतरावर, साधारण त्याच आकाराची, राखाडी-तपकिरी टोपीची आणि मध्यावर लहान टेंगूळ असलेली आणखी काही भूछत्रे होती. एका विद्यार्थिनीने ती त्याच टोपलीत टाकली आणि तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण उभ्याने पाहिल्यावर दोन्हींत फरक दिसत नव्हता. संध्याकाळी दोन्हींचे ठसे घेतले. दोन्ही गुलाबी! क्षणभर मीही थबकले. मग भिंगातून पडदे पाहिले तेव्हा दुसऱ्या भूछत्राचे पडदे देठाला येऊन चिकटलेले होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे बीजाणू गुळगुळीत नव्हते, तर पैलू पाडलेल्या खड्यासारखे कोनदार होते. हे एंटोलोमा. या वंशात पोटाला तीव्र त्रास देणाऱ्या जाती आहेत.

गुलाबी ठसा म्हणजे वारुळाची अळंबी, हे समीकरण पत्रिकेतून काढून टाकले. ठशाचा उपयोग नाकारण्यासाठी करावा, हिरवा आला तर टाका, शुभ्र पांढरा आला तर ही टर्मिटोमायसेस नव्हे. गुलाबी आला तर तपासणीचा पुढचा टप्पा सुरू होतो, संपत नाही.

वारुळावर उगवले म्हणून ते अळंबीच, हेही खरे नाही. सोडून दिलेल्या वारुळातून झायलेरिया या बुरशीचे काळे, काडीसारखे कोंब येतात, आणि कोरड्या मुलुखात पोडॅक्सिस हे लांबट, मिटल्या छत्रीचे भूछत्र वारुळावरच उभे राहते. त्याचे आतले बीजाणू गडद असतात.

२३ जुलै

ही नोंद लिहिणे मला जड जात आहे, पण ती लिहिली नाही तर बाकीच्या नोंदींना अर्थ नाही.

परवा सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पुण्याहून फोनवर दोन छायाचित्रे पाठवली. तो मूळचा आमच्याच भागातला, लहानपणापासून अळंबी खात वाढलेला. त्यांच्या इमारतीच्या बागेत पांढऱ्या अळंब्या आल्या होत्या, बहुतेक कळ्या, आणि छायाचित्र वरून घेतलेले. मी तेव्हा वर्गात निघाले होते. मी लिहिले, "अळंबीच दिसते आहे, पण मूळ लांब आहे का ते पाहून मगच." त्याने पहिली तीन शब्दांची ओळ वाचली आणि घरच्यांना दाखवली. दुपारी खोबऱ्याचे वाटप घालून ती शिजली. दोन तासांनी तो, त्याची पत्नी आणि त्याची आई अशा तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात सलाइन लावावी लागली. आईंना दोन दिवस ठेवले. आज तिघेही घरी आहेत.

काल त्याने त्याच जागी राहिलेल्या, आता उमललेल्या भूछत्रांचा ठसा घेऊन पाठवला. हिरवा. जूनमध्ये आमच्या मैदानावर मी स्वतः हातात धरून मोजलेली तीच जात. तिच्याविषयी मी या वहीत लिहिले होते की कोवळेपणी ही ओळख देत नाही, आणि तरीही कोवळ्या अवस्थेच्या छायाचित्रावर मी मत दिले. मूळ दिसत नसताना मत दिले. काकींनी जे करायला ठाम नकार दिला होता, ते मी एका ओळीत करून मोकळी झाले.

विद्यार्थ्याच्या आईशी फोनवर बोलले. त्या रागावल्या नाहीत. "बाई, आमच्या गावच्यासारखीच होती हो दिसायला," असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

२५ जुलै

दोन दिवस त्यांच्या त्या वाक्याचाच विचार करते आहे, कारण प्रकल्पाचे सगळे सार त्यात आहे असे मला वाटू लागले आहे. गावी त्या माउलीने आयुष्यभर एकही चूक केली नाही. तेथे तिला ठरलेले वारूळ माहीत होते, नक्षत्र माहीत होते, काढणारा हात ओळखीचा होता. तिची ओळख अळंबीच्या रूपावर उभी नव्हती, ती जागेवर उभी होती, आणि हे तिला स्वतःलाही कधी सांगावे लागले नव्हते. जागा बदलली, रूप तेवढे बरोबर राहिले, आणि रूपाने दगा दिला.

आजपासून नियम असा: छायाचित्रावरून कोणीही, अगदी घरच्यांनी विचारले तरी, खाण्यासंबंधी मत द्यायचे नाही. उत्तर एकच वाक्याचे असेल, "खाऊ नका", आणि त्याला 'पण' जोडायचा नाही.

याच निमित्ताने, लोक कोणत्या परीक्षांवर विश्वास ठेवतात ते विद्यार्थिनींनी घरोघर विचारून आणले. चांदीचे नाणे भाजीत टाकावे, काळे पडले तर विष. लसूण किंवा तांदूळ टाकून रंग पाहावा. किड्याने खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. उकळून पाणी फेकले की विष जाते. यांपैकी एकही परीक्षा खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे आणि अमानिटा या वंशातील जीवघेण्या भूछत्रांच्या विषाने ती पडत नाही. गोगलगायी जीवघेणी भूछत्रे खाऊन खुशाल राहतात. अमाटॉक्सिन हे अमानिटातले विष उकळून, तळून, वाळवून नाहीसे होत नाही. विशेष म्हणजे या परीक्षा सांगणारी माणसे बहुतेक अळंबी न काढणारी होती. काकींना मी नाण्याविषयी विचारले तेव्हा त्यांना तो प्रश्नच कळला नाही. ज्याच्याविषयी शंका आहे ते घरात कशाला आणायचे, असा त्यांचा सरळ विचार.

२ ऑगस्ट

पेंढ्याच्या जुन्या उडवीवर आज व्होल्व्हारिएला मिळाली, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर लागवडीने घेतात त्या अळंबीची रानातली बहीण. कोवळेपणी ती एका करड्या अंड्यात बंद असते, आणि अंडे फाटून ती वर आली की त्याचे आवरण देठाच्या बुडाशी पिशवी होऊन राहते. आता अडचण अशी की बुडाशी पिशवी असणे हीच अमानिटा या वंशातील अत्यंत घातक जातींचीही मोठी खूण आहे. दोहोंत अंतर असे की अमानिटाचे पडदे पांढरे राहतात, ठसा पांढरा येतो आणि देठावर बहुधा वलय असते, तर व्होल्व्हारिएलाचे पडदे वाढीबरोबर गुलाबी होतात, ठसा गुलाबी येतो आणि वलय नसते. पण अंड्याच्या अवस्थेत यांतले काहीच दिसत नाही. दोन्ही अंडी उभी चिरली तरी आत छोट्या छत्रीची आकृती दिसते. वाटोळ्या, अंड्यासारख्या प्रत्येक भूछत्राला उभे चिरून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे: आत छत्रीची रेषा दिसली तर ते बाजूला ठेवायचे.

२०१२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे नववर्षाच्या जेवणात अमानिटा फॅलॉइडीस खाल्ल्याने दोघांचा मृत्यू झाला. ती पेंढ्यावरची अळंबी समजून वापरली गेली होती, जी आशियातल्या कोट्यवधी लोकांच्या ओळखीची आहे. अमानिटा फॅलॉइडीस मूळची युरोपातली, ऑस्ट्रेलियात ती ओकच्या झाडांच्या मुळांबरोबर पोहोचली. पुण्याच्या बागेतली गोष्ट आणि ही गोष्ट मला एकाच कुळातली वाटते. फरक इतकाच की आमच्या वाट्याला आलेले भूछत्र दयाळू निघाले.

आपल्या देशातही हे दूरचे नाही. आसाममध्ये २०२२ च्या एप्रिलमध्ये विषारी भूछत्रे खाऊन तेरा जण दगावले, त्यांत चहाच्या मळ्यांतील कामगारांची कुटुंबे होती. रानभाजी गोळा करून खाणे ज्यांच्या रोजच्या जेवणाचा भाग आहे, त्यांच्यावरच हे येते.

९ ऑगस्ट

प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी तास-दीड तास बोलणे झाले. पत्रिकेची मागची बाजू त्यांच्या सांगण्यावरून पूर्ण बदलली.

घड्याळ महत्त्वाचे आहे. खाल्ल्यानंतर एक-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर पोट बिघडवणाऱ्या गटातील भूछत्राची शक्यता अधिक. सहा तासांहून अधिक काळ काहीच न होता मग उलट्या-जुलाब सुरू झाले, तर अमाटॉक्सिन आहे असेच धरून चालायचे. तरीही लवकर उलटी झाली म्हणून धोका टळला असे म्हणता येत नाही, कारण टोपलीत दोन प्रकारची भूछत्रे मिसळलेली असू शकतात.

दुसरी गोष्ट ऐकताना अंगावर काटा आला. अमाटॉक्सिनच्या बाधेत पहिल्या दिवसाच्या उलट्या-जुलाबांनंतर रुग्णाला बरे वाटू लागते. तो उठून बसतो, पेज मागतो, घरचे देवाचे आभार मानतात. त्याच काळात त्याचे यकृत निकामी होत असते. हे विष पेशीत प्रथिने तयार होण्याच्या मुळाशीच घाव घालते, आणि दोन ते चार दिवसांत कावीळ, रक्तस्राव, बेशुद्धी असे चित्र उभे राहते. म्हणजे बरे वाटले म्हणून घरी नेणे हे सर्वांत घातक पाऊल. अशा रुग्णाच्या रक्ताची यकृत-तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचवावे लागते.

पत्रिकेत हे ठळक अक्षरांत जाईल: ज्यांनी ज्यांनी ते जेवण घेतले, त्या सर्वांना न्यावे, त्रास होत नसला तरी. १०८ ला फोन करावा. उरलेली भाजी, निवडताना टाकलेले देठ आणि माती लागलेले बुडखे कागदात गुंडाळून बरोबर न्यावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ते काही तासांत कुजून ओळखू येईनासे होतात. निवडणाचा कचरा फेकू नये हे सांगायला मला फार पूर्वीच सुचायला हवे होते, कारण ओळखीच्या सगळ्या खुणा त्या कचऱ्यातच असतात.

१८ ऑगस्ट

काकींबरोबर महामार्गावर बसले. सागाच्या पानांत रचलेल्या अळंब्या, कळ्या वेगळ्या आणि उघडलेल्या वेगळ्या. कळीला भाव जास्त मिळतो, तिचा कस करकरीत राहतो आणि ती लवकर नासत नाही. गिऱ्हाईक कळीच मागते. चिखल नको म्हणून मूळही कापूनच मागते. चार तासांत एकाही गिऱ्हाइकाने मूळ दाखवा म्हटले नाही. विकणारीच्या ओळखीवर सगळा व्यवहार चालतो, आणि काकींसारखी विकणारी असेल तोवर तो चालेलही.

कळ्या सरसकट काढण्याने आणखी एक नुकसान होते. बहुतेक जातींत नव्या वारुळातील वाळवीला आपली बुरशी जुन्या वारुळातून वारशाने मिळत नाही. पहिल्या कामकरी वाळव्या बाहेरून बीजाणू गोळा करून आणतात, आणि ते बीजाणू पडतात उमललेल्या अळंबीतून. एकही छत्री उमलू दिली नाही तर त्या शिवारातील नव्या वारुळांना बुरशी मिळायची कोठून? गोवा विद्यापीठात नंदकुमार कामत यांनी या अळंबीचा दीर्घ काळ अभ्यास केला आणि वारुळांच्या रक्षणाचा आग्रह धरला, त्यामागचा हा विचार आहे. या अळंबीची वाळवीशिवाय व्यापारी लागवड करता येत नाही, त्यामुळे वारूळ गेले की ती गेली. काकी प्रत्येक वारुळावर चार-पाच छत्र्या 'देवीच्या' म्हणून सोडतात. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या तरुण मुली सोडत नाहीत, आणि त्यांच्या घरची गरज पाहता मी त्यांना उपदेश करू शकले नाही. एवढेच सांगितले की उघडलेली अळंबी ओळखायला सोपी असते, म्हणून पत्रिकेत आम्ही ओळख तिच्यावरूनच पटवायला सांगणार आहोत.

२९ ऑगस्ट

मघा नक्षत्र सरत आले, अळंबीचा बहर ओसरला. नमुने सुकवून, क्रमांक घालून झाले. प्रत्येक पाकिटात टोपी, देठ, बूड, ठसा आणि जागेचे टिपण आहे. जूनमधील पाकिटांत तीन नमुने बुडाशिवाय आहेत. ते अनिश्चित म्हणून वेगळे ठेवले.

७ सप्टेंबर

पत्रिकेचा कच्चा नमुना घेऊन काकींकडे गेले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून चित्रे दाखवत मजकूर वाचून दाखवला. मैदानावरचे हिरव्या ठशाचे भूछत्र त्यांनी चित्रावरून लगेच ओळखले. पिशवीचे चित्र पाहून मान हलवली. आरोग्याची बाजू त्यांनी मला दोनदा वाचायला लावली आणि शेजारणीला हाक मारून तिलाही ऐकवली.

मग वारुळाच्या अळंबीच्या चित्रावर बोट ठेवून त्या गप्प बसल्या. चित्र आमच्या विद्यार्थिनीने फार सुंदर काढले आहे, टोच, पडदे, देठ सगळे जिथल्या तिथे. पण पानावर मावावे म्हणून मूळ दोन बोटांएवढे काढून खाली तुटक रेघ दिली होती. "ह्या मूळ नाय," काकी म्हणाल्या, "ह्या बघून पोरां दोन बोटां उकरतली आणि म्हणतली मूळ गावला."

त्यांचे बरोबर आहे. हिरवळीतल्या भूछत्राचे फुगीर बूडही दोन बोटांएवढे असते. पत्रिका आता उभ्या घडीची करायची ठरवली आहे. तीन घड्या उलगडल्या की एकाच लांब पट्टीवर वर टोपी, मध्ये जमिनीची रेघ, आणि रेघेखाली मूळ त्याच्या खऱ्या मापात, पूर्ण चौतीस सेंटिमीटर. खर्च वाढेल. चित्र विद्यार्थिनी आजच नव्याने काढायला बसली आहे.